लाँड्रीच्या खुणेचा अल्टरनेटर

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा आहे, बॅटरीच्या चित्राचा. किल्ली फिरवली की त्यानं लागायचं आणि इंजिन सुरू झालं की विझायचं, असा आमचा एकतीस वर्षांचा करार होता. या वर्षी त्यानं करार मोडला. विझेचना. मी इंजिन रेस केलं, डॅशबोर्डवर थापट्या मारल्या, दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. शेवटी चिकटपट्टी लावली, तर तो पट्टीच्या कडेनं डोकावून माझ्याकडे बघायला लागला.

वाहन तपासणी केंद्रातल्या माणसानं पहिल्या खेपेला सांगितलं, "चार्जिंगचा दिवा जळतोय, नापास." दुसऱ्या खेपेला तेवढेही शब्द खर्च केले नाहीत, नुसतं बोट दाखवलं आणि शिक्का मारला. तिसरी तारीख शुक्रवारची, सकाळी अकरा. म्हाताऱ्या गाड्यांना तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास म्हणजे नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात.

बायकोला आनंद लपवता येईना. ती गाडीला सवत म्हणते. लेक म्हणाली, "बाबा, गाडी हवीच कशाला आता? कुठे जायचं ते मला सांगत जा. मी सोडेन, मीच आणेन." प्रेमानंच म्हणाली बिचारी. पण मला ऐकू आलं ते असं, की शुक्रवारपासून मी पार्सल. पत्ता लिहिल्याशिवाय मला कुणी उचलणार नाही. चाळीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. कुणाला न सांगता उठायचं, गाडी काढायची आणि जिथं कुणाला अपेक्षा नाही तिथं जाऊन उभं राहायचं, हीच माझी नोकरी. खातं सुटलं, पण सवय राहिली. अजूनही मी मनात आलं की निघतो आणि तासाभरानं परत येतो. कुठे गेलो होतो हे विचारलं तर मलाच नीट सांगता येत नाही. तेवढं एक सुख उरलं होतं, आणि त्याच्या आड एक दिवा आला होता.

सोमवारी सकाळी गाडी करंटकडे नेली. करंट म्हणजे आमच्या भागातला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्याला आयुष्यात इतके झटके बसलेत की तो हात मिळवतो तेव्हा समोरच्याचं बंद पडलेलं घड्याळ चालू होतं. त्यानं बॉनेट उघडलं, मीटरच्या वायरी लावल्या आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"बॅटरी ठणठणीत आहे, काका. अल्टरनेटर गेलाय. म्हणजे पुरता नाही. रेग्युलेटर आणि ब्रश."

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या कुशीत बसलेला लहान कलिंगडाएवढा डबा. इंजिन फिरलं की पट्ट्यानं तो फिरतो आणि बॅटरी भरत राहतो. त्यातले ब्रश दाताचे नव्हेत की बुटाचे नव्हेत. कोळशाच्या दोन कांड्या, चिमणीनं चोचीत धराव्यात एवढ्या. रेग्युलेटर म्हणजे त्यांच्या पाठीवरचा काळा चौकोनी तुकडा, वीज किती जाऊ द्यायची ते ठरवणारा. सगळं मिळून माझ्या मुठीत मावतं. त्या मुठीएवढ्या वस्तूनं माझ्या नाकी नऊ आणले.

"काढून देतो," करंट म्हणाला. "नमुना घेऊन जा दुकानात."

"नमुना कशाला? माझ्याकडे कागद आहेत. कंपनीतून निघाली तशी आहे गाडी. एक स्क्रू बदललेला नाही."

"एकतीस वर्षांत?"

"एकतीस वर्षांत."

"काका, एवढ्यात माणसाचे दात बदलतात."

"माणूस कंपनीतून निघत नाही," मी म्हटलं आणि कागद काखेत मारून निघालो.

सुट्या भागांची एक गल्लीच आहे. दोन्ही बाजूंनी सायलेन्सर लटकलेले, मधून चालताना आरसे इतके की स्वतःलाच तीनदा बाजूला व्हायला सांगावं लागतं. पहिल्या दुकानात चष्मेवाला बसला होता. त्याच्या गल्ल्यामागे पाटी होती: विजेचा माल एकदा विकला की परत नाही. त्यानं माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "मॉडेल? वर्ष? इंजिन नंबर?" मी सगळं घडाघडा सांगितलं. वर रंगही सांगितला. त्यानं एका छोट्या खोक्यातला रेग्युलेटर काढून ठेवला. ब्रश त्यालाच जोडलेले, दोन कोवळी शिंगं उगवल्यासारखे. मी म्हटलं, बघा, कागद असले की कसं पाच मिनिटांत काम होतं.

करंट गाडीखाली झोपला, हात वर घातला, चाचपला आणि तसाच बाहेर आला. "भोकं जुळत नाहीत. बोटभर फरक आहे."

"दुकानदारानं चुकीचा दिला."

"किंवा—"

"किंवा काही नाही. चाळीस वर्षं मी दुकानदार बघितलेत."

मंगळवारी दुसरं दुकान. तिथे दोघे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. ते गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत, एकमेकांशीच बोलतात.

"काय म्हणतायत हे?"

"अल्टरनेटरचे ब्रश म्हणतायत."

"कुठली गाडी म्हणतायत?"

मी मधेच म्हटलं, "अहो, मी इथेच उभा आहे."

"इथेच उभे आहेत म्हणतायत," धाकटा थोरल्याला म्हणाला.

त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटली, भांडले. मग दोघांनी दोन बाजूंनी एकाच खोक्यावर हात ठेवला आणि ते मला दिलं. या वेळी भोकं जवळपास जुळली, पण प्लगला तीन पिना आणि करंटच्या हातातल्या वायरीला दोन. तो खालूनच ओरडला, "काका, एक पिन तुम्ही खिशात ठेवणार का?"

त्याच दिवशी मी फणफणत परत दोन्ही दुकानांत गेलो. चष्मेवाल्यानं न बोलता पाटीकडे बोट दाखवलं. थोरला धाकट्याला म्हणाला, "हे परत आलेत." धाकटा म्हणाला, "परत आलेत हे खरं, पण माल परत होत नाही म्हणावं." मी त्यांच्या तराजूकडे रोखून बघितलं. तराजू बरोबर होता. तीच माझी खरी चिडचिड होती, की सगळ्यांचं सगळं बरोबर होतं. पुस्तक बरोबर, कॉम्प्युटर बरोबर, कागद बरोबर, आणि माझ्या हातात दोन दिवसांत दोन नवे कोरे रेग्युलेटर, दोन्ही माझ्या गाडीला सावत्र.

बुधवारी सकाळी गल्लीच्या टोकाला गेलो. तिथे मावशींचं दुकान. दुकान कसलं, चारी भिंतींना ड्रॉवर आणि मधे मावशी. वॉशर, बुशा, स्प्रिंगा वजनावर विकतात. मला बघून त्यांनी तराजूवरचं फडकं काढलं.

"या साहेब. आता सुद्धा तपासणार का? बघा, शिक्का यंदाचाच आहे."

मी ओशाळून हसलो. पंधरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या तराजूला दोनदा नापास केलं होतं. काय हवं ते सांगितलं, कागद पुढे केले. मावशींनी कागदांना हातही लावला नाही.

"नमुना कुठाय?"

"मावशी, गाडी जशी कंपनीतून निघाली—"

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझा तराजू न बघता, नुसती पावती बघून तुम्ही कधी शिक्का मारला होता का?"

"नाही."

"मी किती गयावया केली होती. म्हटलं होतं, कालच नवा आणलाय, कागद बघा. तुम्ही म्हणालात, कागदावर वॉशर तोलता का? मग मी कागदावर ब्रश कसा देऊ?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. आयुष्यात मी बोललेलं वाक्य मला कुणी इतकं जपून ठेवून परत केलं नव्हतं. मी मुकाट्यानं करंटकडे आलो आणि म्हटलं, "काढ बाबा तो डबा."

तासाभरात डबा त्याच्या टेबलावर होता. इतका तेलकट, की टेबलच त्याला सोडायला तयार नव्हतं. करंटनं पेट्रोलमध्ये कुंचला बुडवून घासायला सुरुवात केली. एक थर निघाला, दुसरा निघाला, मग त्याचा हात थांबला.

"काका, हा तुमच्या गाडीचा नाहीच."

"नीट बघ."

"बघितलं. हे बघा, याचे मूळचे पाय कापलेत आणि ही लोखंडी पट्टी कुणीतरी जोडलीय. तुमच्या गाडीत बसावा म्हणून. हा कसल्यातरी डिलिव्हरी व्हॅनचा आहे. आणि इथे लोखंडी पंचानं काहीतरी ठोकलंय. गोल, आणि आत दोन आडव्या रेघा. ही कुठल्या कंपनीची खूण?"

मी वाकून बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. ती कंपनीची खूण नव्हती. ती लाँड्रीची खूण होती. माझ्या भावोजींच्या लाँड्रीची.

लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यावर न जाणाऱ्या शाईनं खूण घालतात, म्हणजे हजार चादरींतून आपली चादर आपल्याकडे येते. भावोजींना त्या खुणेचं वेडच लागलं. गिऱ्हाइकांचं झाल्यावर त्यांनी स्वतःच्या वस्तूंसाठी एक खूण ठरवली, गोलात दोन रेघा, आणि घरातल्या चमच्यांपासून छत्रीपर्यंत सगळ्यांवर घातली. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, सांगते की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिच्या चपलांच्या तळव्यांवर ती खूण आली होती. लोखंडी वस्तूंना ते पंचानं ठोकतात. त्यांच्या व्हॅनचा एकही भाग त्यातून सुटलेला नाही.

आता जे सांगतो ते शपथेवर खरं आहे: मी विसरलो होतो. बावीस वर्षांपूर्वी ताई आणि भावोजी चार दिवस परगावी लग्नाला गेले होते. लाँड्री बंद, किल्ल्या माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या गाडीच्या अल्टरनेटरनं धूर सोडून राम म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला दूरच्या धान्यबाजारात तपासणीला जायचं होतं. लाँड्रीच्या मागे भावोजींची व्हॅन उभी होती. मी म्हटलं, दोन दिवस उसना घेऊ, चौथ्या दिवशी परत लावू. एका मिस्त्रीनं, तो आता हयात नाही, पाय कापून, पट्टी जोडून तो बसवून दिला. तपासणी करून परत येतो तर ताई आणि भावोजी एक दिवस आधीच आलेले, आणि भावोजी व्हॅनच्या बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडतायत, "चोरी! चोरी झाली!"

आता समोरच्यानं शब्द आयता हातात दिल्यावर माणसानं काय करायचं? मी म्हटलं, "हो ना, मी पाहिला त्याला."

तिथून चोर वाढत गेला. पहिल्या दिवशी तो नुसता उंच होता. दुसऱ्या दिवशी मी त्याचा पाठलाग केला. मग तो सापडला का नाही, असं कुणीतरी विचारलं, म्हणून त्याला सायकल द्यावी लागली. मग पाठलाग लाँड्रीच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींमधून झाला, आणि शेवटची ओली चादर अंगावर पडून मी आडवा झालो तेवढ्यात तो पसार. सुरुवातीला चादरी चाळीस होत्या, हल्ली दोनशे असतात. बंद लाँड्रीत ओल्या चादरी कुठून आल्या, हे बावीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. आणि कुणी माझ्या बॉनेटमध्ये डोकावू नये म्हणून मी सांगत सुटलो, की गाडी कंपनीतून निघाली तशी आहे. इतक्या वेळा सांगितलं की मलाही पटलं. ज्याला गोष्ट नीट सांगता येते, त्याला खरं लक्षात ठेवायची गरज पडत नाही.

"हा कुठे मिळेल?" मी करंटला विचारलं.

त्यानं चार फोन लावले. "कुठेच नाही. बनवणारी कंपनी बंद, ती व्हॅनही बंद. कुणा वेड्यानं सुटे भाग जपून ठेवले असतील तरच."

वेडा मला माहीत होता. त्या चोरीनंतर भावोजींनी इतका धसका घेतला की व्हॅनचा प्रत्येक भाग तीन-तीन आणून ठेवला, लोखंडी कपाटात, साखळी आणि कुलूप लावून. कपाट लाँड्रीतच आहे. जगात माझ्या गाडीचे ब्रश कुठे असतील तर त्या कपाटात, आणि ते तिथे होते ते केवळ माझ्यामुळे.

आधी मी खूण घालवायचा प्रयत्न केला. दुपारभर सँडपेपरनं घासत बसलो. पंच खोल मारलेला. आजूबाजूचं ॲल्युमिनियम आरशासारखं चकाकायला लागलं आणि मधे ती खूण अशी उठून दिसायला लागली, की रस्त्यापलीकडचा माणूसही विचारेल, हे कुणाचं? करंट शांतपणे म्हणाला, "आता त्याला फ्रेम करून भिंतीवर लावा." मी त्याला म्हटलं, तू तुझं काम बघ. तो म्हणाला, काम तुम्ही आणल्यावर बघतो.

गुरुवारी डबा पिशवीत घालून बसनं लाँड्रीत गेलो. दारातच वाफ अंगावर आली. आत मोठ्या रुळांमधून चादरी सरकत होत्या, ओल्या जात होत्या आणि कागदासारख्या कडक होऊन बाहेर पडत होत्या. ताई घड्या घालण्याच्या टेबलापाशी होती.

"अरे, बसनं आलास?" ती म्हणाली. "गाडी गेली वाटतं शेवटी!"

"गेली नाही. जरा बसलीय."

भावोजी खुणा घालण्याच्या काउंटरवर होते. डाव्या भुवईवर जुना व्रण, हातात शाईची लेखणी. "या मेहुणे! आज कसे काय? न सांगता आलात, म्हणजे तपासणी दिसतेय."

मी म्हटलं, "एका ओळखीच्याला तुमच्या व्हॅनच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर हवाय. ब्रशसकट. म्हटलं, तुमच्या कपाटात असेल."

"असेल काय, तीन आहेत." ते उठले, कमरेची किल्ली काढली, कपाटापाशी गेले, किल्ली कुलुपात घातली आणि थांबले. "नमुना?"

"नमुना कशाला, भावोजी? व्हॅन तीच."

"तीच व्हॅन असली तरी दोन तऱ्हेचे यायचे. नमुना पाहिल्याशिवाय मी स्क्रूसुद्धा देत नाही."

त्या आठवड्यात मला भेटलेला प्रत्येक माणूस एकाच शाळेत शिकलेला होता. मी पिशवी टेबलावर ठेवली. डबा बाहेर काढला. मी स्वतःच घासून लख्ख केलेली खूण छताच्या ट्यूबलाइटखाली चमकली.

भावोजींनी ती बघितली. अंगठ्यानं चाचपली. मग माझ्याकडे बघितलं.

उद्या अकरा वाजता तारीख होती. मी म्हटलं, आता बास. "भावोजी, चोर नव्हताच. मीच—"

त्यांनी एका हातानं डबा उचलला, दुसऱ्या हातानं माझा दंड धरला आणि मला ओढत मागच्या अंगणात नेलं, वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध. "हळू बोला," ते दात-ओठ खात म्हणाले.

"मी काय म्हणतोय ते ऐका तरी. तो अल्टरनेटर मीच काढला होता. चोर कुणी नव्हता."

"होता."

"अहो, नव्हता. मी बनवला होता तो. सायकलसुद्धा मीच दिली त्याला."

"मेहुणे," भावोजी म्हणाले, "मी त्याला मारलंय."

"कुणाला?"

"चोराला. पुढच्याच वर्षी बाजारात गाठला. दोन ठेवून दिल्या. त्यानं मला हे केलं." त्यांनी भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवलं. "तुमच्या ताईला सगळं माहीत आहे. तेव्हाच सांगितलं होतं. फक्त म्हटलं, तुझ्या भावापुढे हा विषय काढू नकोस. जो त्यांना सापडला नाही तो मला सापडला, हे ऐकून त्यांना वाईट वाटेल."

"पण तो नव्हता, भावोजी."

"मग हे मला कुणी मारलं?"

"ते तुम्हीच सांगा."

त्यांनी चादरीच्या फटीतून आत बघितलं, आणि जवळजवळ ऐकू येणार नाही असं म्हणाले, "कपाटाचं दार." मग लगेच ताठ झाले. "पण बावीस वर्षं ती मला वाघ समजतेय. कुणी उलट बोललं की म्हणते, यांनी चोराला एकट्यानं लोळवलंय. आणि तुम्ही आज येऊन म्हणता चोर नव्हता? म्हणजे मी काय नसलेल्या माणसाला मारलं?"

मला इतका संताप आला की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलायला आलो होतो, तेही बसनं, आणि घेणारा घ्यायला तयार नव्हता. वर माझाच चोर, माझ्या घामाचा, मला न विचारता या गृहस्थांनी बाजारात नेऊन मारला होता.

"बरं, चोर होता," मी म्हटलं. "मग हा डबा माझ्या गाडीत कसा आला?"

भावोजींनी तोंड उघडलं. त्याच क्षणी समोरची चादर बाजूला झाली आणि ताई आली. तिनं थेट डब्याकडे बघितलं.

"हा आपला ना? चोरीला गेलेला?"

मला वाटलं, संपलं. पण भावोजी असे काही बोलू लागले की मी थक्क झालो. एकदा अडखळले नाहीत. "हो, तोच. त्या दिवशी चोराकडून परत घेतला होता मी. आपल्याकडे तोवर नवा आला होता, आणि मेहुण्यांची गाडी नेमकी बंद पडली होती. देऊन टाकला त्यांना. म्हटलं, कशाला बोभाटा करायचा?"

बावीस वर्षं या कलेत घालवलेला माणूस म्हणून सांगतो, ते काम उत्तम होतं. सांधा कुठेही दिसत नव्हता.

ताई माझ्याकडे वळली. लहानपणी माझ्याकडे वळायची तशीच.

"म्हणजे यांनी मार खाऊन आणलेली वस्तू तू फुकट वापरलीस? आणि गावभर सांगत फिरलास, गाडी कंपनीतून निघाली तशी आहे? प्रत्येक वेळी जेवायला बसलं की तीच टेप! आणि हे शेजारी बसून ऐकायचे, एक अक्षर बोलायचे नाहीत!"

"ताई, तसं नाही—"

"कसं आहे मग? सांग ना."

मी भावोजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते आत, कपाटाकडे बघत होते. किल्ली कुलुपात तशीच होती, अजून फिरलेली नव्हती. माझा शुक्रवार, माझी गाडी, मनात आलं की निघणं, सगळं त्या किल्लीच्या अर्ध्या फेऱ्यावर अडकलेलं होतं.

"तसंच आहे," मी म्हटलं.

"आभार मानलेस का कधी?"

"नाही."

"मग मान."

मी मानले. तिला आवाज कमी वाटला, म्हणून दुसऱ्यांदा मानले. रुळावर काम करणाऱ्या बायकांनीही मशीन बंद करून ऐकलं. भावोजी म्हणाले, "अहो, राहू द्या, घरच्या घरात काय ते," आणि अशा मोठेपणानं म्हणाले, की त्या क्षणी मला स्वतःलाच त्यांचे उपकार वाटायला लागले. मग त्यांनी किल्ली फिरवली. रेग्युलेटर काढला, डब्याच्या पाठीवर धरून बघितला. भोकं जुळली. पिना दोन होत्या.

मला देण्याआधी त्यांनी तो काउंटरवर ठेवला, पंच घेतला आणि सवयीनं त्यावरही खूण ठोकली.

संध्याकाळी करंटनं तो बसवला. इंजिन सुरू झालं, लाल दिवा लुकलुकला आणि विझला. करंट म्हणाला, "मिळाला की! कुठे?" मी म्हटलं, "विचारू नकोस." असं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं असेल. त्याला काळजी वाटली. म्हणाला, "काका, बरं वाटतंय ना?"

शुक्रवारी अकराला केंद्रावर उभा राहिलो. बायको बरोबर आली होती, सवतीचा निकाल डोळ्यांनी बघायला. तपासनीसानं दिवा बघितला, बॉनेट उघडलं, टॉर्च फिरवला, आणि त्या चकचकीत खुणेवर तो थांबला.

"हे मूळ गाडीचं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"फॉर्ममध्ये बदललेल्या भागांचा रकाना रिकामा आहे. कुठून आला, ते लिहा आणि सही करा."

फॉर्म बॉनेटवर ठेवून मी पेन काढलं. चाळीस वर्षं मी लोकांकडून अशा रकान्यांत खरं लिहून घेतलं. बायको शेजारी उभी राहून वाचत होती, आणि ताईचा फोन तिला कालच येऊन गेला होता. मी लिहिलं: भावोजींकडून भेट. सही केली. तपासनीसानं वाचलं, मान हलवली आणि शिक्का मारला. पास.

"माणूस मोठा आहे हो," गाडीत बसताना बायको म्हणाली. "आणि तुम्ही कधी बोललाही नाहीत. आज दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय त्यांनी. पोरांना ती चोराची गोष्ट पूर्ण सांगणार आहेत. तुम्ही चादर अंगावर पडेपर्यंत सांगायची, पुढचं ते सांगतील."

मला नदीकडे जायचं होतं. का, ते माहीत नव्हतं. गाडी माझी होती, पास झालेली होती, रस्ता मोकळा होता आणि दिवा विझलेला होता. मी नदीच्या रस्त्याला लागलोसुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. भावोजी होते. आवाज दबलेला, मागे भांड्यांचा आवाज.

"मेहुणे, निघालात का? एक विचारायचं होतं. त्याचं वय काय सांगितलं होतंत तुम्ही?"

"कुणाचं?"

"त्याचं हो. चोराचं."

मी गाडी कडेला घेतली. "चाळीस."

"चाळीस?" ते नाराज झाले. "चाळिशीच्या माणसाला मारण्यात काय आहे? पंचवीस करू का?"

"पंचवीस नको. माझ्या भागात तो दमून थांबतो एकदा. पंचविशीचा माणूस दमेल का?"

"मग?"

बायको खिडकीबाहेर बघत होती.

"तीस करा," मी म्हटलं. "आणि मी येईपर्यंत सुरू करू नका."

मग मी गाडी ताईच्या घराकडे वळवली.